डिकीतले पाणी: आधी शोधा, मग बुजवा

जुलैच्या मध्यावर गाडीचे दार उघडले की कुबट वास येऊ लागतो. आधी वाटते, ओल्या छत्रीचा असेल. मग पायातल्या मॅटवर संशय जातो, एसीचा फिल्टर बदलला जातो, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली येते. सकाळी मागची काच आतून धुरकट झालेली असते. एखाद्या दिवशी सिग्नलला ब्रेक जरा जोरात लागतो आणि मागून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. सामान बाहेर काढून, कार्पेट उचलून, त्याखालचा पुठ्ठा वर केला की उलगडा होतो. स्टेपनी पाण्यात बसलेली असते.

‘डिकीत पाणी येतंय’ ही पावसाळ्यातली गॅरेजमधली नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावरचे उत्तरही नेहमीचे आहे: ‘सिलिकॉन मारून देतो.’ मागच्या काचेभोवती, दिव्यांच्या कडेने, दिसेल त्या फटीवर सिलिकॉनची रेघ ओढली जाते. मालक समाधानाने गाडी घेऊन जातो आणि पुढच्या जोरदार सरीनंतर खड्ड्यात पुन्हा पाणी जमते. कारण ते कुठून शिरले हे कोणी शोधलेलेच नसते. या कामातले बहुतेक कष्ट शोधण्यात आहेत, बुजवणे त्या मानाने सोपे. आपल्याकडे मात्र बुजवण्याचे पैसे दिले-घेतले जातात आणि शोधण्याचे कोणी मागत नाही, कोणी देतही नाही. ही पद्धत बदलायला हवी.

कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. माजघरात थेंब पडू लागला की त्याखाली भांडे ठेवायचे. पण फुटके कौल त्या भांड्याच्या बरोबर वर क्वचितच सापडते. पाणी कौलाखाली शिरते, रिपेवरून सरकते, वाशावरून ओघळत खाली येते आणि मध्ये गाठ किंवा सांधा आला की तिथून टपकते. म्हणून घर शाकारणारा माणूस आधी आत उभा राहून वर बघतो, उजेडाचा कवडसा कुठून येतो ते हेरतो आणि मगच छपरावर चढतो.

मोटारीत हेच घडते, फक्त वाट झाकलेली असते. छताच्या सांध्यातून आत आलेले पाणी मागच्या खांबाच्या पोकळीतून उतरते, वायरिंगच्या जुडग्यावरून आडवे जाते, चाकावरच्या कमानीवरून घसरते आणि शेवटी स्टेपनीच्या खड्ड्यात स्थिरावते, कारण त्या भागातली सर्वांत खोल जागा तीच. ओल डावीकडे दिसली म्हणून भोक डावीकडेच असेल, असे धरून चालता येत नाही.

हा खड्डा आला कुठून, हेही बघण्यासारखे आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मागच्या बाजूला उघड्यावर एक घडीचे आसन असे. त्याला ‘डिकी सीट’ म्हणत. भारतात ते नाव सामान ठेवायच्या जागेला चिकटले. ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारींसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली, तेव्हा गाड्यांसोबत असे चाक मिळतच नसे. पुढे अनेक वर्षे हे चाक गाडीच्या बाहेर, कडेला किंवा पाठीवर लटकलेले असे. ते आत आले तेव्हा त्याला बसवण्यासाठी डिकीच्या तळाच्या पत्र्याला वाटीसारखा आकार द्यावा लागला. आज पाणी साचते ते याच वाटीत.

आता पावसाचा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. मुंबईत एका पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे छप्पर, मागची काच आणि डिकीचे झाकण मिळून दोन चौरस मीटर धरले, तरी चार महिन्यांत तिच्यावरून चार हजार लिटर पाणी वाहते. त्यातला हजारावा भाग आत गेला तर चार लिटर होतात. स्टेपनीच्या खड्ड्यात डबके व्हायला तेवढे पुरे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका दिवसात प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी ओतले गेले होते.

एवढे पाणी अंगावरून जाऊनही धड असलेली गाडी आतून कोरडी राहते, ती केवळ रबरामुळे नाही. डिकीच्या झाकणाखाली चहूबाजूंनी एक पन्हळ असते. काचेवरून आलेले पाणी त्या पन्हळीत उतरते आणि दोन्ही कडांनी बाहेर पडते. झाकणाचे रबर, ज्याला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात, हा त्यानंतरचा पहारा आहे. गुलमोहराची पाने, कडुलिंबाच्या काड्या, धूळ आणि तिचा झालेला चिखल यांनी पन्हळ तुंबली की पाण्याची पातळी रबराच्या वर जाते आणि धडधाकट रबरही हरते. म्हणून नवे बीडिंग मागवण्याआधी जुन्या ब्रशने पन्हळ साफ करावी. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पन्हळ साफ असूनही पाणी येत असेल तर बीडिंग तपासायचे. बहुतेक गाड्यांचे बीडिंग इपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असते. ते ऊन-पावसाला चिवट असते, पण वर्षानुवर्षे झाकणाखाली दबून चपटे होते आणि जड बॅगा काठावरून ओढून काढताना फाटतेही. परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी काठावर ठेवून झाकण बंद करायचे आणि पट्टी ओढायची. ती अडखळत आली तर दाब ठीक आहे. सहज निसटली तर तिथे रबर टेकत नाही. दर वीतभर अंतरावर हे केले की पूर्ण घेर कळतो. काही वेळा रबर चांगले असते आणि झाकणच थोडे वर किंवा तिरके बसलेले असते. तेव्हा कुलपाचा खटका किंवा कोपऱ्यातले रबरी टेकू फिरवून काम भागते.

त्यानंतर संशय मागच्या दिव्यांवर जातो. दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची किंवा रबराची चकती असते. ती सुकून कडक झाली की पाणी दिव्यामागून आत येते. बल्ब बदलायला दिवा काढला आणि घाईत पुन्हा बसवला, तर ही चकती दुमडते. नट जास्त आवळला तर दिव्याचे प्लॅस्टिक चिरते, आणि ती चीर बाहेरून दिसत नाही.

एका जागेचा पत्ता मात्र बहुतेक मालकांना नसतो. मागचा बंपर काढला की आत पत्र्याला लहान झडपा बसवलेल्या दिसतात. गाडीचे दार बंद करताना आतली हवा बाहेर जावी म्हणून त्या असतात. नसत्या तर दार लावताना कानाला दडे बसले असते. त्यांच्याभोवतीचा फोम कुजला किंवा मागून बसलेल्या धक्क्याने झडप सैल झाली, की ओल्या रस्त्यावर चाकाने उडवलेले पाणी थेट आत येते. अशी गाडी पावसात रात्रभर उभी ठेवली तरी कोरडी राहते आणि मुंबई-पुणे प्रवासात भिजते.

शोधाचे पहिले सूत्र इथेच हाती लागते: पाणी गाडी उभी असताना येते की चालताना? उभी असताना येत असेल तर संशय वरच्या भागावर, म्हणजे छताचे सांधे, काच, बीडिंग, दिवे यांवर. चालतानाच येत असेल तर तळाची रबरी बुचे, चाकाच्या कमानीतले सांधे आणि बंपरमागच्या झडपा आधी बघायच्या. हॅचबॅक गाडीत मागच्या काचेवर पाणी मारणारी नळी बहुधा बॉनेटखालच्या टाकीपासून छतातून मागे जाते. तिचा जोड सुटला असेल तर पावसाचा काही संबंध नसतो. मागचा वॉशर वापरला की आत ओल येते आणि तिला काच धुण्याच्या साबणाचा वास असतो. गाडी चढावर उभी होती की उतारावर, हेदेखील लिहून ठेवावे. नाक वर असताना आणि खाली असताना पाणी वेगवेगळ्या वाटा धरते. चार दिवसांची अशी टिपणे मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचवतात.

सनरूफने या यादीत नवी भर घातली आहे. तिच्या काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवील, असे बनवणाऱ्यांनीही गृहीत धरलेले नसते. थोडे पाणी आत येणारच, म्हणून खाली एक तबक असते आणि त्याच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली उतरतात. मागच्या नळ्या डिकीच्या बाजूने जाऊन मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आत सुटतात. नळी तुंबली किंवा जोडातून निसटली की तबकातले पाणी गाडीतच उतरते. माझदाची एमएक्स-५ ही १९८९ पासून बनणारी कापडी छताची दोन आसनी गाडी जगभर नावाजली गेली, आणि तिचे जुने मालक सीटमागच्या अशाच निचऱ्याच्या वाटा नेमाने साफ करतात. तिथे पाने अडकली की दारांखालच्या पोकळ्यांत पाणी साठून पत्रा आतून कुजतो. सनरूफच्या नळ्या मऊ, बारीक नायलॉनच्या तारेने साफ करायच्या असतात. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर आत कुठेतरी नळी जोडातून सुटते आणि नवेच दुखणे मागे लागते.

काही भोके तर माणसांनी पाडलेली असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या असंख्य गाड्यांना सेन्सर आणि कॅमेरे बाहेरच्या दुकानांत बसवले गेले आणि त्यांच्या वायरींसाठी पत्र्यात ड्रिल चालले. भोकात वायरभोवती रबरी बूच बसवले नाही, तर पाणी वायरीच्या आधाराने आत चालत येते. स्पॉयलरचे स्क्रू, नंबरप्लेटचा दिवा, छतावरची अँटेना ही सगळी याच जातीची ठिकाणे. सीएनजी किट नंतर बसवलेल्या गाडीत तर डिकीच्या तळालाच भोके पडतात, टाकीच्या स्टँडच्या बोल्टसाठी आणि गॅसच्या पाइपसाठी. मागून ठोकरलेल्या गाडीचा पत्रा बदलताना कारखान्यात सांध्यावर घातलेला सीलंटचा थर गॅरेजमध्ये पुन्हा घातला गेला नाही, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, आत पाणी येणारच.

शोधायचे कसे, याची रीत जुनी आणि स्वस्त आहे. लागतात पाण्याचा पाइप, टॉर्च, टाल्कम पावडर आणि दोन माणसे. डिकी पूर्ण रिकामी करायची. कार्पेट, बाजूचे पुठ्ठे, स्टेपनी, सगळे बाहेर. आतला पत्रा फडक्याने पुसून कोरडा करायचा आणि सांध्यांच्या कडेने पावडर भुरभुरायची. एकाने मागची सीट पाडून आत टॉर्च घेऊन बसायचे. सेदान गाडीत सीट पडत नसेल तर बंद डिकीत माणसाने बसू नये, चालू मोबाइलचा कॅमेरा ठेवावा. दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचे, तेही मंद धारेने आणि खालून वर. आधी बंपरच्या रेषेवर, मग दिव्यांभोवती, मग झाकणाच्या कडेला, शेवटी काच आणि छत. प्रत्येक टप्प्याला चार-पाच मिनिटे द्यायची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच सिद्ध होत नाही. पावडरीत पहिली ओली रेघ उमटली की तिच्यामागे वर वर जायचे. रेघ जिथे सुरू होते तेच पाण्याचे दार.

वॉशिंग सेंटरचा जेट या कामाला चालत नाही. त्या दाबाने चांगल्या रबराखालूनही पाणी घुसते आणि निर्दोष भाग गुन्हेगार ठरतो. पाण्याआधी एक परीक्षा रात्री करून बघण्यासारखी आहे: डिकीत लखलखीत दिवा लावून झाकण बंद करायचे आणि अंधारात बाहेरून फेरी मारायची. प्रकाशाची रेघ दिसली तर तिथून पाणीही जाऊ शकते. शाकारणाऱ्याच्या कवडशाचीच ही उलट बाजू आहे.

जागा सापडली की उपाय तिच्यापुरता करायचा. दिव्याची चकती खराब असेल तर नवी चकती, झडप सैल असेल तर नवी झडप, वायरीच्या भोकाला मापाचे रबरी बूच. पत्र्याचा सांधा फुटला असेल तर जुना थर खरवडून, गंज घासून, प्रायमर लावून पॉलियुरेथेनचा सीम सीलंट भरायचा आणि वर रंग द्यायचा. न्हाणीघरात वापरतात ते, वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन इथे अपाय करते. तो वास अॅसिटिक आम्लाचा असतो आणि उघड्या पत्र्याला ते आम्ल गंजवते. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. म्हणजे पुढे खरी दुरुस्ती करायची झाली तर आधी ते सगळे खरवडावे लागते. खड्ड्याच्या तळाचे रबरी बूच काढून ठेवणे हाही उपाय नाही. साचलेले पाणी त्या वाटेने जाईल, पण रस्त्यावरचे पाणी त्याच वाटेने वर येईल. बूच काढावे ते पाणी सोडण्यापुरते.

सुकवण्यात कसूर केली तर सगळी मेहनत वाया जाते. कार्पेट वरून कोरडे लागते, पण त्याखालचा नमदा आणि फोम स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात. ते बाहेर काढून उन्हात वाळवले नाहीत, तर गळती थांबूनही वास राहतो, बुरशी वाढते आणि पत्रा खालून गंजत जातो.

एवढ्याशा पाण्यासाठी एवढी यातायात कशाला, असे कोणी विचारील. पूर्वी ते चालूनही गेले असते. मुंबईतल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या डिकीत पत्रा, स्टेपनी आणि जॅक यांपलीकडे भिजण्यासारखे फारसे काही नसे. ती टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली, आणि दरम्यान डिकी बदलली. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांची बॅटरी डिकीत असते. २०२२ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटीच्या हायब्रिड मॉडेलमध्ये बॅटरीसंचाने डिकीतली काही जागा घेतली आहे. अनेक गाड्यांत ध्वनियंत्रणेचे अॅम्प्लिफायर आणि नियंत्रक पेट्या मागच्या पुठ्ठ्यांआड असतात, जोडण्या तळाशी असतात. त्यांना ओल लागली की वाट्टेल ते दिवे पेटतात, सेन्सर विनाकारण वाजतात, बॅटरी रातोरात उतरते, आणि मग पाण्याऐवजी वायरिंगवर उपचार सुरू होतात.

सीएनजीच्या गाडीत तर प्रश्न सुरक्षेचा आहे. डिकीतल्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. पट्ट्यांखाली आणि स्टँडशी सतत ओल राहिली तर पोलादी टाकीला नेमका तिथेच, नजरेआड गंज चढतो. चाचणीच्या तारखेपर्यंत थांबण्याची ही गोष्ट नाही. सीएनजी गाडीच्या डिकीत ओल दिसली तर त्याच आठवड्यात टाकीची जागा तपासून घ्यावी.

विम्यावर विसंबता येत नाही. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार झीज, जुनेपणा आणि विजेच्या यंत्रणेतला बिघाड यांची भरपाई मिळत नाही. आणि सुकलेल्या रबरातून महिनोन्महिने झिरपलेले पाणी झिजेतच मोडते. पुराने भिजलेल्या गाडीसाठी दावा करता येतो, झिरपण्याने कुजलेल्या गाडीचा खर्च खिशातून करावा लागतो. वेळेवर शोध घेणे हाच इथला स्वस्त मार्ग आहे.

मिस्त्री चुकतो, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण त्याच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? दोन-तीन तास डिकीत वाकून, पुठ्ठे काढून, पाणी मारून त्याने शोधले की एका लहान चकतीमुळे हे होत होते. बिलावर तो काय लिहिणार? चकतीची किंमत. वर लेबर लावले तर मालक म्हणणार, एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे? उलट दहा मिनिटांत सिलिकॉनची नळी रिकामी केली तर ते डोळ्यांना दिसते, पैसेही निमूट मिळतात. डॉक्टरने नुसती तपासणी केली तरी आपण फी देतो. मिस्त्रीच्या तपासणीला मात्र किंमत देत नाही. तो अंदाजाने काम करतो, याचे मोठे कारण हे आहे.

म्हणून गॅरेजांनी पाणी शोधण्याचा वेगळा दर लावावा आणि फलकावर लिहावा. जॉबकार्डवर ‘वॉटर लीकेज’ एवढेच न लिहिता पाणी कोणत्या जागेतून शिरत होते, कोणत्या परीक्षेत ते दिसले आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पाणी मारून बघितले का, या तीन गोष्टी लिहाव्यात. शक्य तिथे मोबाइलवर फोटो काढून द्यावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरांकडून तर हा आग्रह धरायलाच हवा. पैसे घेऊन तीच गळती तीनदा ‘दुरुस्त’ केली जात असेल तर ती सेवेतली त्रुटी आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिच्याविरुद्ध दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण जॉबकार्डवर कारणच लिहिलेले नसेल, तर आधीची दुरुस्ती चुकली हे तरी कशाच्या आधारे दाखवणार?

उत्पादकांनाही सांगायला हवे. बंपरमागच्या झडपा आणि सनरूफच्या नळ्यांची तोंडे कुठे आहेत, हे मालकाच्या पुस्तिकेत चित्रासह असावे, आणि पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत पन्हळ व नळ्या साफ करण्याचे काम यादीत असावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर सौदा ठरण्याआधी स्टेपनी उचलायलाच हवी. खड्ड्यात गंजाची गोल रेघ, चिखलाचा थर किंवा ताजा, जागोजाग वेगळा दिसणारा रंग असेल तर त्या गाडीत पाणी साचले आहे किंवा तिचा मागचा भाग ठोकला गेला आहे. हे बघायला तज्ज्ञ लागत नाही.

येत्या रविवारी पाऊस उघडला की गाडीची डिकी रिकामी करा, स्टेपनी बाहेर काढा आणि खड्ड्याच्या तळाशी हात फिरवा. हात ओला झाला तर गॅरेजमध्ये ‘सिलिकॉन मारा’ म्हणू नका. ‘पाणी कुठून येतंय ते शोधायचे किती घ्याल?’ असे विचारा, आणि शोधून दाखवणाऱ्याला तेवढे पैसे द्या.